लाल खूण नसलेलं माप

चेकरबाईंच्या घरात फ्रिजच्या दाराला जेवढा अधिकार होता तेवढा माणसांनाही नव्हता. त्या दारावर लोहचुंबकाखाली लावलेल्या कागदावर चार दिवसांत लाल पेन्सिलीची खूण उमटली नाही, की तो कागद बरोबर. मग तो न्हाणीघराच्या फरशांचा नकाशा असो, नाहीतर लेकीच्या लग्नातल्या खुर्च्यांची मांडणी असो. खूण झाली तर चूक. तिसरी गोष्ट नव्हती, आणि खुलासा मागायची पद्धत तर मुळीच नव्हती.

ही रीत बाईंनी माहेराहून आणली नव्हती, ऑफिसातून आणली होती. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्या सव्वीस वर्षं तपासनीस होत्या. तिथल्या मोठ्या साहेबांना सही करायची इतकी धास्ती, की पेनाचं टोपण काढतानाच घाम फुटायचा. शेवटी त्यांनी एक नामी शक्कल काढली. प्रत्येक ड्रॉइंग चेकरबाईंच्या टेबलावर ठेवायचं. चार दिवसांत लाल खूण आली नाही तर ते बरोबर समजून खाली कारखान्यात पाठवायचं. म्हणजे सही कुणाचीच नाही, आणि जबाबदारी बाईंच्या गप्प बसण्याची. असला नियम दुसरीकडे आठवडाभर टिकला नसता. तिथे तो सव्वीस वर्षं टिकला, कारण बाईंच्या नजरेतून चूक सुटत नसे.

त्यांचे यजमान त्याच ऑफिसात ड्रॉइंग काढायचे. सगळे त्यांना दशांशराव म्हणत, कारण दशांशचिन्हाच्या पुढे दोन घरं गेल्याशिवाय ते कुठल्याही आकड्याला सोडत नसत. त्यांच्या ड्रॉइंगांवर बाईंनी पहिल्या वर्षी एकेचाळीस लाल खुणा केल्या, दुसऱ्या वर्षी नऊ, आणि तिसऱ्या वर्षी लग्न. पुढे दोघं निवृत्त झाली, ऑफिसात मशीन आली, साहेब गेले, पण नियम मात्र घरी येऊन फ्रिजवर बसला.

आता या शिस्तीच्या संसारात एक सवत होती, आणि ती बाल्कनीत राहायची. ही दशांशरावांची डोंगरात चालवायची सायकल. वय वर्षं बावीस. पुढे शॉक, मागे शॉक, आणि मधल्या फ्रेमला इतके सांधे, की बाईंना ती पाहिली की ऑफिसातल्या एका न संपणाऱ्या ड्रॉइंगची आठवण व्हायची. दर रविवारी सकाळी सहाला दशांशराव ती घेऊन गावामागच्या टेकडीवर जायचे, दगडगोट्यांच्या उतारावरून खाली यायचे आणि पावणेनऊला घरी. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माणसाने दगडांवरून धडधडत खाली यावं, यात कुणाचं काय भलं होतं, हे बाईंना आजवर कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका वळणावर ते पडले आणि खांद्याजवळचं हाड मोडून बसले. सहा आठवडे हात गळ्यात. शर्टाची बटणं लावायलाही बायको. बाईंनी त्या सहा आठवड्यांत मनातल्या मनात सायकल तीनदा भंगारात घातली. पण हाड जुळलं आणि सातव्या रविवारी गृहस्थ पुन्हा सहाला तयार. तेव्हापासून रविवारचे ते पावणेतीन तास बाई ओट्यापाशी उभ्या राहून काढत. फोन उताणा समोर ठेवलेला. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायच्या. जिन्यात सायकलच्या चाकाची करकर ऐकू आली की जीव भांड्यात पडायचा, आणि पडल्या पडल्या राग यायचा. आलेला राग चहाबरोबर गिळून टाकायच्या.

आणि मग एके दिवशी मागचा शॉक मेला.

हा शॉक म्हणजे हातभराहून कमी लांबीची एक नळी. तिच्यात हवा कोंडलेली, आणि दांडा आतबाहेर करणारा. मागच्या चाकाला बसलेला धक्का तो स्वतः गिळतो आणि माणसाच्या पाठीपर्यंत पोचू देत नाही. दशांशरावांच्या पाठीला मणक्यांच्या डॉक्टरांनी आधीच ताकीद दिली होती, की शॉक नसलेली सायकल चालवाल तर माझ्याकडे येऊ नका. त्यामुळे शॉक गेला म्हणजे सायकल गेली. रात्री भरलेली हवा सकाळपर्यंत निघून जायची. आतले रबरी वायसर मिळेनात, कारण बनवणाऱ्यांनी ते बनवणं बंद करून बारा वर्षं झाली होती. दशांशराव आठवडाभर तोंड पाडून बसले. बाईंनी तोंडदेखलं हळहळून घेतलं आणि त्या रविवारी कित्येक महिन्यांनी सकाळी आठपर्यंत झोपल्या.

पण हे सुख सायकलवाल्याला बघवलं नाही. हा गल्लीच्या टोकाचा दुकानदार, दिवसभर हात काळे करून बसलेला, जुन्या गोष्टींना नवी कळ लावून देण्यात वाकबगार. तो दशांशरावांना म्हणाला, "काका, जुना जाऊ दे की. नवा बसवू. आजकालचे शॉक तुमच्या त्या डब्यापेक्षा शंभर पटीनं बरे. फक्त बाजूला टाकी असलेला घेऊ नका, तुमच्या फ्रेमला घासेल."

"पण माप?" दशांशराव म्हणाले.

"तेच तर. जुन्या सायकलींचं मला काही सांगता येत नाही. एकशे नव्वदचा येतो, दोनशेचा येतो, आणखीही येतात. तुम्ही मला आकडे आणून द्या. शॉकच्या दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर, दांड्याची चाल म्हणजे तो किती आत जातो ते, आणि दोन्हीकडच्या भोकांत बसणाऱ्या बुशांची रुंदी. आकडे तुमचे, जबाबदारी तुमची."

आकडे आणून द्या! दशांशरावांना हे सांगणं म्हणजे गवयाला गा म्हणण्यासारखं. घरी येईपर्यंत त्यांची चाल बदलली होती. कपाटातून मखमली पेटी निघाली, पेटीतून बारीक मापं घ्यायचा जबड्यांचा व्हर्नियर निघाला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं आणि त्यावर सायकलीतून काढलेला शॉक आडवा ठेवला गेला. मग त्यांनी त्याच्या तोंडाची टोपी काढली, काडीने आतली पिन दाबली आणि उरलीसुरली हवा सोडून दिली. फुस्स झालं.

बाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

पंपाच्या कारखान्यातला हा पहिला धडा. कुठल्याही भागाचं माप घ्यायचं ते तो थंड असताना आणि त्याच्यात दाब नसताना. नव्या माणसाला हे आधी शिकवत आणि बाथरूम कुठे आहे ते नंतर. दशांशरावांनी तो धडा चाळीस वर्षं पाळला होता आणि आजही पाळला. फक्त हा पंप नव्हता, हा शॉक होता. त्याची लांबी त्याच्यातल्या हवेनेच टिकते. हवा गेली की दांडा आत ओढला जातो आणि नळी बसकण मारते. आपलं खरं माप ती पोट भरलेलं असतानाच सांगते.

दशांशरावांनी तीनदा मोजलं. तीन आकड्यांची सरासरी काढली. मग स्वच्छ अक्षरात कागदावर लिहिलं: दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर एकशे नव्वद पूर्णांक शून्य चार मिलिमीटर. चाल एक्कावन्न, शॉकवर छापलेली. बुशांची रुंदी अमुक आणि तमुक. कागद फ्रिजवर लागला. सोमवार होता.

चूक बाईंनी हवा सुटली तेव्हाच पकडली होती. तरी सवयीने त्यांनी आतल्या खोलीतून जुनी फाइल काढली. चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानात शेवटचे शिल्लक वायसर घालून याच शॉकची दुरुस्ती झाली होती, तेव्हाचा त्या दुकानाचा कागद तिच्यात होता. त्यावर सरळ लिहिलेलं: दोनशे. म्हणजे जवळजवळ दहा मिलिमीटरचा घोळ. शून्य चारपर्यंत काटेकोर, आणि दहानं चूक! ऑफिसात असं काही सापडलं असतं तर बाई दिवसभर खुशीत राहिल्या असत्या.

त्यांनी लाल पेन्सिल हातात घेतली आणि फ्रिजसमोर उभ्या राहिल्या.

आता बाईंच्या मनात जे चाललं ते काही फार गुंतागुंतीचं नव्हतं. दहा मिलिमीटर आखूड शॉक बसवला तर सायकल मागून खचणार. खचली की पॅडल खाली येणार, दगडांना अडणार, चालवणाऱ्याचा वैताग होणार. एकदा वैतागले, दोनदा वैतागले, की म्हणतील जुन्या सायकलीला नवं काही मानवत नाही. मग बाल्कनी मोकळी, रविवार मोकळा, आणि हाडं जागच्या जागी. आणि यात आपण खोटं काय बोललो? काहीच नाही. आपली फक्त एक खूण करायची राहिली. माणूस विसरतोसुद्धा. सव्वीस वर्षांत एकही चूक न सोडणारी बाई एक चूक सोडू शकत नाही का? तेवढा हक्क तिचा झालाच असेल.

पेन्सिल परत पेल्यात गेली.

मंगळवारी बाईंनी फ्रिज कमी वेळा उघडला. बुधवारी दूध बाहेरच राहिलं आणि नासलं. गुरुवारी दशांशराव दोनदा कागदापाशी येऊन उभे राहिले आणि परत गेले. बाईंना वाटलं, आता विचारणार. पण विचारायची पद्धत नव्हती. शुक्रवारी सकाळी कागद निघाला आणि दुकानात पोचला.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूर, तिच्या संसारात. बापाने सायकल चालवण्याला तिचाही विरोध होता, आणि बाईंना तो एकच भक्कम आधार होता.

"आई, बाबा शॉक मागवतायत म्हणे?"

"हो, चाललंय काहीतरी."

"मी भांडणार होते त्यांच्याशी. पण ते म्हणाले, आईने माप तपासलंय. मग म्हटलं ठीक आहे. तू तपासलंस म्हणजे मला काळजी नाही."

बाईंना यावर बोलण्यासारखं बरंच होतं. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"

शॉक बुधवारी आला. काळा, चकचकीत, तीन रंगीत बटणं. जुन्याच्या शेजारी ठेवला तर आजोबांशेजारी नातू बसावा तसा दिसत होता. दशांशराव शनिवारी दुपारी कामाला बसले. बुश दाबून बसवायला शिकंजा बाल्कनीच्या कठड्याला आवळला. एका बाजूला छोटा पोकळ पाना, दुसऱ्या बाजूला मोठा, मध्ये बुश, आणि शिकंज्याचा दांडा हळूहळू फिरवायचा. बुश सरळ गेला तेव्हा त्यांनी जीभ टाळ्याला लावून असा काही आवाज काढला, की बाईंना ऑफिसातला तो नऊ लाल खुणांचा तरुण आठवला. वरचा बोल्ट बसला. खालचं भोक मात्र फ्रेमच्या भोकाशी जुळेना. दशांशरावांनी मागचं चाक थोडं वर उचललं आणि जुळलं.

"बघ," ते म्हणाले, "जरासं चाक उचललं की कसा चपखल बसला."

चाक उचलावं का लागलं, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. ऑफिसात पडला असता. पण फ्रिजवर चार दिवस राहून आलेल्या मापाला प्रश्न विचारायचा नसतो.

सायकल उभी राहिली ती मागून बसकीच. बाई दारातून बघत होत्या. दशांशराव चारी बाजूंनी फिरले, वाकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "नवीन सायकली अशाच असतात. बुटक्या. सायकलवाला म्हणतच होता, आजकाल सगळं खाली खाली चाललंय."

पाचच्या सुमाराला त्यांनी गल्लीत तीन चकरा मारल्या. गल्लीत दगड नव्हते, त्यामुळे पॅडल कशालाही अडलं नाही. गतिरोधकावरून गेले तेव्हा मागचं चाक असं काही अलगद वरखाली झालं, की त्यांनी मागे वळून गतिरोधक खरंच होता का ते पाहिलं. बाई खिडकीत उभ्या होत्या. नवऱ्याच्या तोंडावर जे हसू होतं ते गेल्या वर्षभरात त्यांनी पाहिलं नव्हतं. बाईंचा बेत नामी होता, फक्त तो सायकलला कुणी सांगितला नव्हता.

"लोणी आहे, लोणी!" दशांशराव जिना चढता चढता ओरडले. "उद्या सहाला टेकडी! मोठ्या उतारावरूनच येतो." आणि शीळ घालत अंघोळीला गेले.

बाई बाल्कनीत आल्या. मागच्या टायरमधली आणि सीटखालच्या उभ्या नळीमधली फट त्यांनी बघितली आणि त्यांच्यातली तपासनीस, जिला दोन आठवडे कोंडून ठेवलं होतं, ती दार फोडून बाहेर आली. आतापर्यंत त्यांनी सायकल उभी असताना काय होईल एवढाच विचार केला होता. ती पूर्ण दबल्यावर काय होईल, हा विचार केलाच नव्हता. उद्या सकाळी मोठ्या उतारावर ती पूर्ण दबणार होती.

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं. टेपने सांध्यांची अंतरं घेतली, कंपास काढला, एकास पाच प्रमाणात फ्रेम आखली. दोनशेचा शॉक पूर्ण दबला की एकशे एकोणपन्नास उरतो. टायर नळीपासून बोटाच्या जाडीएवढा लांब थांबतो. एकशे नव्वदचा दबला की एकशे एकोणचाळीस. शॉकच्या एका मिलिमीटरला चाक तीन मिलिमीटर वर चढतं. बाईंनी कंपास फिरवला. टायरची रेघ उभ्या नळीच्या रेघेला ओलांडून तब्बल दोन सेंटिमीटर आत गेली. कागदावर टायर नळीच्या आत जाऊ शकतो. उतारावर तो नळीला जाऊन चिकटतो, चाक जागच्या जागी बंद होतं आणि माणूस पुढे जात राहतो.

बाईंनी ते पुन्हा आखलं. तिसऱ्यांदाही आखलं. रेघ तिथेच जाऊन बसत होती. रविवारचे ते पावणेतीन तास ज्या गोष्टीला भीत त्यांनी काढले होते, ती गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने, काहीही न करता, बाल्कनीत आणून उभी केली होती.

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. दशांशराव टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

"अहो," बाई म्हणाल्या, "शॉकमधली हवा सोडा."

"आत्ता तर भरलीय."

"सोडा. आणि सीटवर जोर देऊन पूर्ण दाबा."

त्यांचा आवाज ऑफिसातला होता. दशांशरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि निमूटपणे पिन दाबली. हवा गेली. त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरून सगळा भार टाकला. सायकल खाली गेली, गेली, आणि थप् करून थांबली. टायर उभ्या नळीला टेकला होता. शॉकचा दांडा अजून करंगळीच्या नखाएवढा बाहेर होता.

दशांशरावांनी भार काढला. पुन्हा टाकला. पुन्हा थप्. मग ते पाटावर बसले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना शॉक त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याच्या पिनेवर अंगठा ठेवला. बाईंना दिसत होतं, ते एकेक पायरी उलटी उतरत होते. बोल्ट, उचललेलं चाक, कागद, व्हर्नियर, काडी, पिन.

"हवा सोडून मोजला मी," ते शेवटी म्हणाले. "दाब नसताना! काय गाढव आहे मी." मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, कौतुक होतं. "पण तुझी नजर म्हणजे नजर. वेळेवर लक्षात आलं तुझ्या. उद्या तर मी मेलोच होतो."

दार उघडं होतं. बाईंनी फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं. हो म्हणायचं, आत्ताच लक्षात आलं म्हणायचं, चहा टाकते म्हणायचं. नवऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल लेकीकडूनही शाबासकी आली असती. आपली चूक कागदावरची असती तर बाईंनी ती एव्हाना खोडलीही असती, पण ही गप्प बसण्याची होती.

"आज नाही लक्षात आलं," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी आलं होतं. तुम्ही हवा सोडलीत तेव्हाच."

दशांशरावांना कळलं नाही. "म्हणजे? मग लाल केलं का नाहीस?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून." बाईंनी कॅलेंडरचं पान त्यांच्यासमोर धरलं. "मला वाटलं सायकल नुसती खराब चालेल. कंटाळून सोडून द्याल. ते चाक अडेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला दर रविवारी भीती वाटते हो. ओट्यापाशी उभी राहून पाय दुखतात माझे. पण हे मी केलं. मुद्दाम केलं."

दशांशरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढून बाजूला ठेवला. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. बाई त्यासाठी तयारही होत्या.

"मलाही वाटते," ते म्हणाले.

"काय?"

"भीती. पडल्यापासून. त्या वळणावर आलो की हात गार पडतात. गेले वर्षभर मी ते वळण उतरून, सायकल हाताने धरून पार करतो. तुला सांगितलं नाही." त्यांनी शॉकवरची धूळ अंगठ्याने पुसली. "शॉक गेला तेव्हा वाटलं, सुटलो. पण सायकलवाला मागे लागला. मग मनाशी ठरवलं, माप फ्रिजवर लावायचं. तिने लाल केलं, कुठेही, एवढीशी खूण केली, तरी त्या निमित्ताने सोडून द्यायचं. गुरुवारी दोनदा येऊन बघून गेलो. कागद कोरा. म्हटलं, चला, बायकोला वाटतंय आपण चालवावी. तिचा एवढा विश्वास आहे तर आपण का कच खायची?"

बाईंचा हात कठड्यावर गेला. शिकंजा अजून तिथेच आवळलेला होता. एक खूण. एवढीशी. ती केली असती तर रविवार कायमचे मोकळे झाले असते.

"मग आता सोडा ना," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या आवाजातली लाचारी ऐकू आली. "आता तर निमित्त आहेच."

दशांशरावांनी सायकलकडे पाहिलं. बसकी, बुटकी, हवा गेलेली. आणि त्यांच्या तोंडावर ते गल्लीतलं हसू परत यायला लागलं, त्यांनी दाबायचा प्रयत्न केला तरी.

"आता कसा सोडू? आज तीन चकरा मारल्या. चुकीच्या मापाचा असून असा चालतो, तर बरोबर मापाचा काय चालेल! सायकलवाला बदलून देईल. आणि खरं सांगू, आज भीती नाही वाटली मला. वर्षभरात पहिल्यांदा."

ती भीती घालवायचं काम बाईंच्याच गप्प बसण्याने केलं होतं.

दशांशराव उठले. मखमली पेटी त्यांनी बाईंच्या हातात दिली, आणि जुना शॉक टेबलावर ठेवून त्याला छोटा पंप जोडला. "मी हवा भरतो. तासभर तरी टिकेल. माप तू घे."

"मी?"

"मी घेतलेलं काय झालं ते बघितलंस."

पंपाचे झटके सुरू झाले. दांडा हळूहळू बाहेर सरकत गेला आणि शेवटी टक् करून थांबला. बाईंनी व्हर्नियर उघडला. भोकाच्या एका कडेपासून दुसऱ्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत, जबडे अलगद मिटून, चष्मा कपाळावर सारून. त्यांना हवा होता तो आकडा यातून निघणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी एकदा मोजलं, शॉक उलटा करून पुन्हा मोजलं, आणि जो आला तो कागदावर लिहिला: दोनशे पूर्णांक शून्य दोन. हाच आकडा उद्यापरवा दुकानात जाणार होता, आणि त्यापुढच्या रविवारी नवऱ्याला टेकडीवर घेऊन जाणार होता.

दशांशरावांनी कागद उचलला नाही. त्यांनी बाईंच्या हातातून व्हर्नियर घेतला, खुर्ची ओढली, आणि तेच माप स्वतः घेतलं. एकदा नाही, तीनदा. रागाने नाही, रागावलेला माणूस इतक्या सावकाश जबडे मिटत नाही. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे," दशांशराव म्हणाले.

सव्वीस वर्षं ऑफिसात आणि त्याहून जास्त या घरात, बाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची कधी वेळच आली नव्हती.